फुली नसलेलं दार

४ जानेवारी

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. खरं म्हणजे खुर्चीत बसूनच घालतेय, पण तू मानून घे.

फोनवर मी ओरडायचं, तू "काय?" म्हणायचं आणि शेवटी मामीने मधे पडून दोघांनाही भलतंच सांगायचं, त्यापेक्षा पत्र बरं. बत्तीस वर्षं बंबाच्या घंटेशेजारी बसून कान घालवलेस. डोळे शाबूत आहेत तोवर वाच.

तू सगळ्यांना सांगत फिरतोस की भाची कंप्युटरवर चित्रं काढते. चित्रं नाहीत रे. आम्ही आग आणि धूर बनवतो. खोटा धूर, पण चालतो खऱ्याच्या नियमांनी. खोलीतली हवा आम्ही लहान लहान खोक्यांत वाटून टाकतो. प्रत्येक खोक्यात धूर किती, उष्णता किती, हवा कुठे चाललीय, हे कंप्युटर मोजतो आणि सेकंदाला तीस वेळा पुन्हा पुन्हा मोजतो. धूर कुठे वळणार हे कोणी आधी ठरवून ठेवलेलं नसतं. समोरच्याने खिडकी फोडली तर धूर खिडकीकडे धावतो, पाणी मारलं तर वाफ होते. दलात नव्याने भरती झालेल्यांनी खऱ्या आगीत जाण्याआधी या खोट्या आगीत हात भाजून घ्यावेत, असा बेत आहे.

एक यंत्र तुझ्या जवळच्या शिक्षण केंद्रात चाचणीसाठी आलंय. पंधरा मार्चला खात्याचे लोक इथे आमच्याकडे बघायला येणार. त्यांनी मान डोलावली की सगळ्या केंद्रांत लागेल. त्याआधी तू एकदा जाऊन बघ आणि मला खरं काय ते सांग. लाड नकोत.

आता दुसरं. गेल्या महिन्यात मी इथल्या केंद्रात मोजमापं घ्यायला गेले होते. मागच्या बाकावर बसले. शिकवणारे नव्या पोरांना 'घाईचं दार' सांगत होते. एका गड्याने बंद खोलीचं दार खाली वाकून न बघता उघडलं, हवा आत गेली, खोलीचा भडका उडाला, माणूस जिन्यावर फेकला गेला, दोन्ही हात जळाले. "असं करू नका," म्हणून शिकवणारे थांबले आणि पोरं हसली. त्यांना नाव माहीत नव्हतं. मला होतं, मामा. मी त्याच हातांचं खाऊन मोठी झालेय.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. घरात आगीचा विषय निघाला की ते उठून कुंड्यांना पाणी घालायला जातात. कुंड्या सडल्या बिचाऱ्या.

तू त्या दिवशी तिथे होतास. बाबांनी खरंच घाई केली का? मला एवढंच हवंय.

तुझी,
ठिणगी


१५ जानेवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद, आणि मामीचे वेगळे.

जाऊन आलो. भिंतीएवढा पडदा, हातात खोटी नळी, पाठीवर खोटी टाकी. तिथल्या पोरांना वाटलं म्हातारा घाबरेल. म्हातारा पहिल्याच खोलीत गुडघ्यावर बसला, कारण तुझा धूर छतापासून खाली उतरत होता आणि शरीराला जुनी सवय. उठताना मात्र दोघांनी धरून उठवलं, ते जाऊ दे.

तुझा धूर चांगला आहे. छताला आपटतो, पसरतो, कोपऱ्यात जाऊन खाली येतो. पाण्याची वाफही बरी. मला घाम फुटला म्हणजे समज. चित्रं म्हणत होतो ते परत घेतो.

पण तुझी दारं मेलेली आहेत. बंद खोलीत आग कोंडली की ती हवेसाठी तडफडते. मग दाराखालच्या फटीतून धूर बाहेर येतो, आत ओढला जातो, पुन्हा बाहेर येतो. दार श्वास घेतं. आम्ही दारापुढे आलो की आधी खाली वाकायचो आणि तो श्वास बघायचो. श्वास चालू असेल तर त्या दाराला हात लावायचा नाही, आधी धुराला वरून वाट करायची. तुझ्या यंत्रात मी सात दारांपुढे वाकलो. सातही दारं भिंतीसारखी गप्प. त्यावर शिकलेलं पोर खऱ्या दारापुढे वाकणारच नाही, कारण वाकून काही दिसतं हे त्याला ठाऊकच नसेल. रोगापेक्षा इलाज भयंकर होईल, बाई. हे आधी नीट कर.

भावजींच्या त्या दाराबद्दल विचारलंस. वीस वर्षं झाली. जुन्या राखेत फुंकर मारू नये, डोळ्यांतच जाते.

मामी म्हणते वेळेवर जेवत जा.

तुझा,
मामा


२९ जानेवारी

ती. मामास,

तू सांगितलंस आणि मी डोकं धरून बसले. चूक सापडली, आणि ती इतकी बावळट आहे की सांगायला लाज वाटते.

माझं प्रत्येक खोकं वीतभर आहे. त्याहून लहान केलं तर कंप्युटर सेकंदाला तीस वेळा मोजू शकत नाही, आणि धूर अडखळला तर शिकणाऱ्याला खरा वाटत नाही. दाराखालची फट बोटभर. वीतभर खोक्यात बोटभर फट मावतच नाही, म्हणून माझ्या यंत्राला ती दिसली नाही. बंद दार म्हणजे भिंत, असं ते धरून चाललं. तीन वर्षं आम्ही पाच जण त्या दारांकडे बघतोय. पाचांपैकी एकानेही उभ्या जन्मात जळत्या दारापुढे गुडघे टेकलेले नाहीत. आम्ही उंटावरून शेळ्या हाकणारे.

आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, आता मार्चपर्यंत नवीन काही नको. मी म्हटलं, मग माझं नावही त्यावर नको. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "दोन आठवडे." आता प्रत्येक दाराच्या फटीचा हिशोब वेगळा होतो. दारं श्वास घेतात, मामा. पहिलं दार धूर ओढून घेताना पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग मी जे करायला नको होतं ते केलं. खात्याकडून त्या जुन्या आगीचा अहवाल मिळवला. गुदामाच्या वर तीन मजले राहती घरं, दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगत सामानाची खोली, एकच खिडकी, तीही आतून फळ्या ठोकलेली. सगळी मापं होती. ती खोली मी बांधली, आग लावली आणि बाबांच्या जागी जिन्यावर उभी राहिले.

धूर फटीतून असा आत-बाहेर होत होता की शेंबड्या पोरालाही दिसावा. मी वीस वेळा चालवून बघितलं. वीसही वेळा दिसला.

म्हणजे अहवाल खरा आहे. बाबा वाकले नाहीत. लहानपणापासून मी मनात धरून होते की कागदावर काहीतरी चुकलंय. आता माझ्याच प्रोग्रॅमने सांगितलं की काही चुकलेलं नाही. मी काल रडले. आज रडत नाहीये, पण बाबांना फोन करवत नाही. बोलले तर आवाजातून कळेल त्यांना.

ती खोली मी पुसून टाकणार आहे. तू म्हणालास तेच बरोबर, राख डोळ्यांत गेली.

तुझी,
ठिणगी


१८ फेब्रुवारी

ती. मामास,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मामीला फोन केला तर म्हणाली, बरा आहे, पण जेवताना बोलत नाही. माझं काही चुकलं का? जुनं उकरलं म्हणून रागावला असशील तर रागाव, पण कागदावर रागाव.

खोली अजून पुसलेली नाही. हात होत नाही.

ठिणगी


२३ फेब्रुवारी

ठिणगे,

आशीर्वाद लिहायला आज पेन उचलत नाही. आधी वाच, मग हवे असतील तर माग.

ती खोली पुसू नकोस. ती चुकीची बांधली आहेस. चूक तुझी नाही, अहवालाची आहे. आणि अहवालाची चूक माझी आहे.

त्या दिवशी आमची गाडी आधी पोचली, भावजींची मागून. वरच्या मजल्यावर अकरा माणसं अडकली होती. उतरायला एकच जिना, आणि तो त्या खोलीवरून जाणारा. दाराखालून धूर जिन्यात येत होता. हो, दार श्वास घेत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. मी गाडीतलं ब्लँकेट आणलं, पाण्यात बुडवलं आणि फटीत घट्ट कोंबलं. जुनं शिसवी दार, बाकीच्या तिन्ही बाजू चौकटीत गच्च. धूर थांबला. जिना मोकळा झाला.

आता आमची रीत ऐक. ज्याने फट बुजवली त्याने दारावर खडूने मोठी फुली मारायची. खडू प्रत्येकाच्या खिशात असायचा, त्यासाठीच. फुली म्हणजे, "मागून येणाऱ्या, इथे श्वास दिसत नाही कारण मी तो दाबलाय." मी ब्लँकेट कोंबलं आणि वरून एका म्हातारीने हाक मारली. मी धावलो. तिला पाठीवर घेतलं, खाली आणलं, पुन्हा वर गेलो, दुसऱ्याला आणलं. फुली राहिली. खडू खिशातच राहिला.

मी शेवटच्या माणसाला घेऊन रस्त्यावर पोचलो आणि वर आवाज झाला.

चौकशीत मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही. ब्लँकेट जळून गेलं असेल असं धरून चाललो. भावजी तेव्हा पट्ट्यांत गुंडाळलेले, बोलायच्या स्थितीत नव्हते. म्हटलं, ते बरे होऊन सांगतील. ते बरे झाले आणि काही बोललेच नाहीत. मला वाटलं, त्यांनी ब्लँकेट पाहिलंच नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती वीस वर्षं झाकून ठेवली, ठिणगे. त्यांना नळ्या मोजायला भांडारात बसवलं, माझी पुढे बढती झाली. 'घाईचं दार' मी स्वतः दोनदा वर्गात ऐकलंय आणि मान खाली घालून बसलोय. ताईने, तुझ्या आईने, मला दर वर्षी स्वेटर विणून पाठवला. तो घालताना मला काय होत असेल?

खोलीत ब्लँकेट टाक. मग बघ.

मामा


३ मार्च

मामा,

टाकलं. दोन दिवस हात लावला नाही, कारण मला तुझा राग आला होता. आधी तो सांगते, मग बाकीचं. मी नऊ वर्षांची असताना वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "हिच्या बाबांनी उगाच दार उघडलं." मी त्याला मारलं, शाळेने तुला बोलावलं, आणि तू मला घरी आणताना म्हणालास, "लोक बोलतात, सोडून द्यायचं." कसं म्हणालास रे तू ते?

मग तिसऱ्या दिवशी बसले. फट बुजवली, ब्लँकेट ओलं केलं आणि बाबांच्या जागी उभी राहिले. दार गप्प. अगदी गप्प. मी गुडघ्यावर बसून बघितलं, काहीही दिसत नाही. वीस वेळा चालवलं. मग मी आमच्यातल्या बाकीच्या चौघांना आणि बाईंनाही काही न सांगता त्या दारापुढे उभं केलं. पाचांपैकी चार जणांनी दार उघडलं. बाईंनी सगळ्यांत आधी.

त्यानंतर आणखी एक चालवलं. ब्लँकेट न टाकता जिन्यात वरून माणसं उतरवली. तिसऱ्या मिनिटाला जिना दिसेनासा झाला. अकरा जणांतले फार तर चार उतरले असते, असं यंत्र म्हणतं. यंत्रावर किती विश्वास ठेवायचा ते तू ठरव. बोटभर फटीपायी ते एकदा तोंडघशी पडलंय, त्यामुळे न्यायाधीश म्हणून मी त्याला बसवणार नाही. पण हे तुला कळायला हवं असं वाटलं.

माझा राग गेलाय का? सगळा नाही. पण तू ते लिहिलंस, आणि मी माझा मामा गमावलेला नाही. ते आधी सांगायला हवं होतं, शेवटी सांगतेय.

बाबांना मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे. पत्राने सांग, म्हणजे फोनवर ऐकू आलं नाही म्हणायला नको. पंधरा तारखेला ते आणि आई इथे येणार आहेत. यंत्र बघायला बोलावलंय मी. त्याआधी पोचव.

ठिणगी


८ मार्च

चि. ठिणगीस,

टाकलं एकदाचं पत्र पेटीत. चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. चौथं वाचून न बघताच पाकिटात घातलं, नाहीतर तेही फाडलं असतं. पोस्टमन पेटी उघडेपर्यंत मामी माझा हात धरून उभी होती, मी परत मागू नये म्हणून. तिला सगळं माहीत होतं म्हणे, पहिल्या वर्षापासून. झोपेत बोलतो मी.

काल केंद्रात गेलो आणि नव्या पोरांना म्हटलं, घाईचं दार म्हणून जी गोष्ट सांगतात ती माझी आहे, नीट ऐका. सांगून झाल्यावर कोणी हसलं नाही. एकाने विचारलं, खडू कुठल्या खिशात ठेवायचा? मी म्हटलं, छातीवरच्या डाव्या, म्हणजे उजव्या हाताला पटकन सापडतो.

तुझ्या यंत्रातल्या गड्याला खडू दे. एवढं कर.

भावजींचं उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

तुझा,
मामा


१७ मार्च

प्रिय मेव्हण्या,

पत्र मिळालं. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, बोटं वळत नाहीत, तेव्हा हळू वाच. थोडक्यातच लिहितो.

पोरीने परवा मला त्या खोलीपुढे उभं केलं. खात्याचे लोक मागे खुर्च्यांवर बसलेले. ती म्हणाली, "बाबा, नको असेल तर राहू दे." मी म्हटलं, कुंड्या इथे नाहीत, आता जाऊ कुठे? ती हसली आणि लगेच रडली, अगदी तुझ्या ताईसारखी.

तोच जिना. तोच कठडा. दाराखाली ब्लँकेट. काठाला लाल पट्टी काढली होती तिने, तुझ्या पत्रात नव्हती ती. मीच तिला आधी सांगितली होती.

आता ऐक. ब्लँकेट मी त्या दिवशी पाहिलं होतं. लाल काठाची ब्लँकेटं फक्त तुमच्या गाडीवर होती, आमच्या गाडीवर निळी. मी वाकलो होतो, मेव्हण्या. वाकलो, लाल काठ पाहिला, वर फुली शोधली, फुली नव्हती. म्हटलं, मेव्हणा इथून जाऊन आलाय, म्हणजे आत आग नाही हे बघून झालंय, चादर नुसती राहिलीय. तुझ्यावर भरवसा ठेवून, आत कोणी अडकलंय का बघायला दार उघडलं. पण ब्लँकेट ओढून बघायला किती वेळ लागला असता? एक क्षण. तो मी दिला नाही. म्हणून चूक अर्धी तुझी, अर्धी माझी. वाटून घेऊ. एकट्याने सगळी घेऊन बसायचा तुला अधिकार नाही, तशी ती तुझ्या बापाची इस्टेट नाही.

सांगितलं का नाही म्हणून विचारशील. सांगितलं असतं तर दोघांचं नाव गेलं असतं. एकाचं गेलं ते पुरे होतं. आणि ती अकरा माणसं कुठल्या अहवालात नव्हती, मी मोजत होतो. त्यातली म्हातारी पुढची सहा वर्षं दर दसऱ्याला नाही, दर दिवाळीला नाही, उगाच कधीही दवाखान्यात आणि मग घरी येऊन माझ्या हाताला मलम लावून जायची. तिला तू कोण हे कधी कळलं नाही. मी सांगायला हवं होतं. तेवढी एक गोष्ट मला सलते.

परवा मी पुन्हा वाकलो. या वेळी ब्लँकेट ओढलं. दार श्वास घेत होतं. मी खिशात हात घातला, खडू होता. पोरीने ठेवला होता. मी दारावर फुली मारली आणि पायरीवर बसलो. मागे खात्याचे साहेब कोणाला तरी विचारत होते की हा माणूस पुढे का जात नाही. पोरगी म्हणाली, "ते बरोबर करताहेत." यंत्र पास झालं म्हणे. मला पोरीचं ते वाक्य पुरलं.

तू लिहिलंस की ब्लँकेट जळून गेलं असेल. नाही गेलं. भडक्याने मला फेकलं तेव्हा तेही माझ्याबरोबर जिन्यावर आलं, अर्धं जळलेलं. दवाखान्यात स्ट्रेचरवरून उचलताना नर्सने ते माझ्या अंगाखालून काढलं आणि मी तुझ्या ताईला म्हटलं, हे घरी ने, कोणाला दाखवू नको. पुढे भांडारात बसलो तेव्हा तुमच्या गाडीच्या यादीत एक ब्लँकेट कमी भरायचं. मी लिहून टाकलं, "जीर्ण, बाद केले." माझ्या नोकरीतली तेवढी एकच खोटी नोंद.

ते माझ्या पेटीत आहे, तळाशी, तुझ्या ताईच्या जुन्या साडीत गुंडाळून. रविवारी जेवायला ये आणि घेऊन जा. तुमच्या गाडीची वस्तू आहे, मी किती वर्षं सांभाळायची?

तुझा,
भावजी